दिवा लागतो, पडदा मात्र काळा

गेल्या दोन-तीन महिन्यांत आलेल्या पत्रांत एकाच तक्रारीचीं पत्रें इतकीं आहेत कीं, या वेळीं विषय शोधण्याचे श्रम आम्हांस पडले नाहींत. लॅपटॉपची कळ दाबली, दिवा लागला, आंत पंखा फिरल्याचा आवाज आला. पडदा मात्र काळा तो काळाच. आतां काय करावें? एका भगिनीनें तर 'आमचा लॅपटॉप वारला' असेंच लिहिलें आहे. त्या भगिनीस आमचें प्रथम सांगणें असें कीं, वैद्यानें नाडी पाहिल्यावांचून मनुष्य गेला असें कोणी म्हणत नाहीं, आणि लॅपटॉपची नाडी पडद्यावर नसते.

हें आम्ही ऐकीव माहितीवरून लिहीत नाहीं. हाच प्रसंग गेल्या श्रावणांत आमच्या घरीं आला होता, आणि तो सांगतांना आम्हांस थोडी लाजही वाटते. ती कां, तें पुढें येईलच.

आमचे वडील बंधु, ज्यांस घरांत सर्व दादा म्हणतात, ते गेलीं नऊ वर्षें आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत आहेत. जुनीं दप्तरें, जमिनींचे कागद, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतील नोंदी, आणि माहेरचीं नांवें तोंडपाठ असणाऱ्या म्हाताऱ्या आत्या-मावश्यांनीं सांगितलेली माहिती, असा हा सहाशें पृष्ठांचा संभार आहे. त्या आत्यांपैकीं कित्येक आतां हयात नाहींत. म्हणजे हरवलेलें पुन्हां विचारावयाचें कोणास, हाही प्रश्नच. दादांची दृष्टि मंदावल्यापासून ते सांगतात आणि सूनबाई लॅपटॉपवर उतरून घेते. एक प्रत इंटरनेटवरच्या 'क्लाउड'मध्यें ठेवावी असें मुलांनीं सुचविलें होतें. परंतु 'पूर्वजांना त्रिशंकूसारखें अधांतरीं टांगूं नका' असें म्हणून दादांनीं तें उडवून लावलें. पेनड्राइव्हवर काढलेली शेवटची प्रत मागल्या दिवाळीच्याही आधींची होती.

त्या सोमवारीं सकाळीं सूनबाईनें यंत्र उघडलें, कळ दाबली, आणि वर सांगितलेला प्रकार झाला. दादा कांहीं बोलले नाहींत. नुसते खुर्चीचा हात धरून बसले. वहिनी स्वयंपाकघरांतून आल्या आणि म्हणाल्या, "काल संध्याकाळीं हिनेंच तो पुसला होता." सूनबाई म्हणाली, "कोरडं फडकं होतं, काका. पाण्याचा थेंबही नव्हता." तिचें म्हणणें कोणीं खोडून काढलें नाहीं, आणि कोणाला तें पटलेंही नाहीं. खरें लिहावयाचें तर आम्हांसही पटलें नाहीं.

पुतण्या कचेरींत जातां जातां यंत्र बाजारांतील एका दुकानांत घेऊन गेला. दुकानदारानें कळ एकदां दाबून पाहिली आणि निकाल दिला: विंडोज बिघडलें आहे, फॉरमॅट करून देतों. फॉरमॅट करणें म्हणजे पाटी ओल्या बोळ्यानें पुसून कोरी करणें होय. आंतील लेखनाचें काय, असें विचारतां 'त्याची गॅरंटी नाहीं' असें उत्तर मिळालें. पुतण्याला देवानें बुद्धि दिली आणि तो यंत्र तसेंच परत घेऊन आला. त्या दिवशीं तो घाईंत 'बरें' म्हणून गेला असता, तर न बिघडलेली एकच वस्तु होती ती दुरुस्तीच्या नांवाखालीं नाहींशी झाली असती.

शाळेंत तर्काचा भाग शिकवितांना आम्ही मुलांस काकतालीय न्याय सांगत असूं. कावळा ताडावर बसावयास आणि फळ पडावयास एक गांठ पडली, एवढ्यावरून कावळ्यानें फळ पाडलें असें ठरत नाहीं. जन्मभर हें फळ्यावर लिहिणाऱ्या आम्हांस तें आपल्याच माजघरांत दिसावयास दुपार व्हावी लागली. सूनबाईनें यंत्र पुसलें आणि पडदा गेला, यांत पुसण्यामुळें गेला याला पुरावा कोणता? कारण ठरवावयाचें तर अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पाहावे लागतात: एक असतां दुसरें असतें कीं नाहीं, आणि तें काढून घेतलें असतां दुसरेंही जातें कीं नाहीं. जेवणें झाल्यावर आम्हीं तें यंत्र मेजावर मांडलें, नववींत असलेल्या नातवास हाताशीं घेतलें आणि सूनबाईस समोर बसविलें.

प्रथम चार्जर, माऊस, जें जें बाहेरून लावलें होतें तें सर्व काढून सुरू करण्याची कळ तीस सेकंद दाबून धरली. यंत्रांत कोठें कोठें वीज साठून राहते आणि तिच्यामुळें तें कधीं कधीं अर्धवट जागें, अर्धवट निजलेलें असें अडकून पडतें; या उपायानें ती वीज निघून जाते. नंतर नुसता चार्जर लावून यंत्र सुरू करावयाचें. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत बॅटरी खालून काढतां येते, तीही या वेळीं काढावी. हा उपाय बिनखर्चाचा आहे आणि पुष्कळ यंत्रें एवढ्यानेंच उठून बसतात. आमचें उठलें नाहीं.

मग कॅप्स लॉकची कळ दाबली. तिच्यावरचा बारीक दिवा लागला; पुन्हां दाबली, विझला. (कांहीं यंत्रांत हा दिवा नसतो.) ही गोष्ट क्षुल्लक दिसते, पण आमच्या मतें साऱ्या परीक्षेंत हीच महत्त्वाची. पंखा फिरतो म्हणून यंत्र शुद्धीवर आहे असें मानणें म्हणजे धुक्यावरून अग्नीचें अनुमान करणें होय. वीज पोंचली एवढेंच त्यावरून कळतें. परंतु कळ दाबल्याबरोबर दिवा लागतो आणि विझतो, याचा अर्थ आंत कोणी ऐकतें आहे, उत्तर देतें आहे. हाच दिवा आपोआप ठराविक वेळां लुकलुकत असेल, किंवा यंत्रांतून ठराविक वेळां 'बीप' असा आवाज होत असेल, तर ती यंत्रानें स्वतःच सांगितलेली आपली व्यथा असते. ती किती वेळां होते तें मोजून लिहून ठेवावें. अर्थ प्रत्येक कारखान्याचा निराळा असतो. तो त्यांच्या माहितीपुस्तकांत मिळतो.

यानंतर खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या, आणि नातवानें विजेरीचा झोत पडद्यावर तिरका धरला. पांच-सहा ठिकाणीं फिरविल्यावर तो ओरडला, "आजोबा, आंत गणपति आहे!" खरेंच, दादांनीं लावून घेतलेलें गणपतीचें चित्र त्या काळोखांत अगदीं पुसट, पाण्याच्या तळाशीं दिसावें तसें दिसत होतें. चित्र होतें, तें दाखविणारा प्रकाश नव्हता.

येथें थोडें शास्त्र सांगितलें पाहिजे. लॅपटॉपचा नेहमींचा पडदा स्वतः प्रकाश देत नाहीं. प्रकाश मागील बारीक दिव्यांचा असतो आणि पुढें द्रवस्फटिकांचा पातळ थर असतो. वीज मिळेल त्याप्रमाणें हे स्फटिक वळतात आणि लाखों बारीक दारें उघडावीं-मिटावीं तसा मागील प्रकाश पुढें सोडतात किंवा अडवितात. या चमत्कारिक द्रव्याचा शोध कोणा विजेच्या पंडितानें लावलेला नाहीं. प्राग येथें फ्रीड्रिख राइनिट्झर नांवाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरापासून काढलेल्या एका पदार्थाचा अभ्यास करीत असतां १८८८ सालीं त्यांना असें दिसलें कीं, तो १४५.५ अंशांस वितळून गढूळ द्रव होतो, आणि १७८.५ अंशांस तोच द्रव एकदम स्वच्छ होतो. पदार्थ एक आणि वितळण्याच्या पायऱ्या दोन! त्या दोहोंमधली अवस्था ती द्रवस्फटिकाची. आपल्या देशाचाही या शास्त्रांत वांटा आहे. बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेंत एस. चंद्रशेखर व त्यांचे सहकारी यांनीं १९७७ सालीं चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक प्रथम दाखवून दिले. पडदा बाजूनें पाहिला तरी स्वच्छ दिसावा म्हणून लावावयाच्या पटलांत त्यांचा पुढें उपयोग झाला. (१९८३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालेले चंद्रशेखर ते निराळे. ते सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे पुतणे, आणि हे भाचे. इंग्रजींत दोघेही 'नेफ्यू'च ठरतात आणि घोटाळा होतो; मराठींत तो होण्याचें कारण नाहीं.)

तेव्हां विजेरीनें पुसट चित्र दिसलें, तर दोष बहुधा मागच्या दिव्यांचा किंवा त्यांना वीज पोंचविणाऱ्या मार्गाचा, असें समजावें. अर्थात् पडद्याचा प्रकाश कळफलकावरील कळेनें अगदीं कमी झालेला नाहीं ना, हें आधीं पाहावें. लहान मुलांच्या हातून हें पुष्कळदां होतें. आणि ज्या नव्या, महागड्या यंत्रांत ओएलईडी जातीचा पडदा असतो, तेथें मागें दिवेच नसल्यामुळें ही परीक्षा लागूं पडत नाहीं.

आतां दिवाणखान्यांतील टी.व्ही.ची पाळी आली. लॅपटॉपला एचडीएमआय नांवाचें भोंक असतें. त्यांतून तार टी.व्ही.ला जोडली कीं तोच लॅपटॉपचा दुसरा पडदा होतो. लगेच चित्र न आलें तर विंडोजची कळ धरून 'पी' दाबावी, म्हणजे चित्र कोणत्या पडद्यावर पाठवावयाचें तें निवडतां येतें. आम्हांस तेवढेंही करावें लागलें नाहीं. तार लावून टी.व्ही.वर योग्य जोडणी निवडली मात्र, तोच गणपति, या वेळीं चांगला हातभर मोठा, भिंतीवर उभा राहिला. सूनबाईनें सांकेतिक शब्द घातला, कुलवृत्तांताची फाईल उघडली, आणि ज्या ठिकाणीं रविवारीं वाक्य अर्धें राहिलें होतें तें पान समोर आलें. दादांना एवढ्या मोठ्या अक्षरांत तें स्वतः वाचतां येत होतें. त्यांनीं तें वाक्य मोठ्यानें वाचलें आणि चष्मा काढून पुसूं लागले.

वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. चित्र दिसतांच आम्हीं पुढची परीक्षा केली नाहीं. प्रथम दोन पेनड्राइव्हवर दोन प्रती काढल्या आणि त्यांपैकीं एक वहिनींच्या कपाटांत ठेवली. दोष शोधण्याचा उत्साह अशा वेळीं फार चढतो, आणि नेमकें त्याच वेळीं होतें तेंही हातचें जातें. तिसरी प्रत ढगांत ठेवण्यास दादांनीं त्याच संध्याकाळीं संमति दिली. त्रिशंकूचें उदाहरण त्यांनीं परत घेतलें नाहीं, तें वेगळें.

दोष मात्र अजून सांपडावयाचा होता. यंत्र चालू ठेवूनच सूनबाईनें झांकण हळूहळू मागेंपुढें केलें. एका कोनांत पडदा क्षणभर उजळला, आणि बोटभर सरकवितांच पुन्हां काळा झाला. तोच कोन, तोच प्रकाश. कोन मोडला कीं काळोख. अन्वय आणि व्यतिरेक यांहून स्पष्ट दाखविण्यास दुसरें उदाहरण आम्हांस सुचणार नाहीं. पडद्याकडे चित्र आणि दिव्यांची वीज नेणारी पातळ केबल बिजागरीपाशीं वळून वर जाते. ती तेथेंच दुखावली होती. फडक्याचा यांत कांहीं संबंध नव्हता.

"बिजागरी कशानें झिजली?" असें आम्हीं सहज विचारलें. नातू तत्काळ म्हणाला, "आजोबा, तुम्हीच तर रोज एका कोपऱ्याला धरून उघडतां." खोलींत कोणी बोललें नाहीं. दुपारचा चहा डाव्या हातांत धरून उजव्या हातानें झांकणाचा उजवा कोपरा उचलावयाचा आणि वर्तमानपत्र वाचावयाचें, हा आमचा निवृत्तीपासूनचा परिपाठ. झांकण असें एका कोपऱ्यानें ओढलें म्हणजे सारा पीळ एका बिजागरीवर येतो. दोन दिवसांनीं दुसऱ्या एका कारागिरानें यंत्र उघडून दाखविलें, तेव्हां केबल घासली गेली होती ती उजव्याच बिजागरीपाशीं. नवी केबल घालावयास त्यास तास लागला आणि तेराशें रुपये पडले.

सकाळीं जें सर्वांसमक्ष झालें होतें तें सर्वांसमक्षच फेडलें पाहिजे, म्हणून रात्रीं जेवणाच्या वेळीं आम्हीं सूनबाईस सांगितलें कीं, दोष आमच्या हाताचा होता आणि तुझ्या शब्दावर आम्हीं विश्वास ठेवला नाहीं, हा दुसरा दोष. वहिनींनीं ताटावरची मान वर केली नाहीं, पण त्या दिवशीं दुसरी पोळी तिला आग्रहानें वाढली. सूनबाई म्हणाली, "काका, आतां दोन हातांनीं उघडा, म्हणजे झालं." दुसऱ्या दिवशीं पाहतों तों झांकणाच्या वरच्या कडेला बरोबर मध्यभागीं एक तांबडी टिकली चिकटविलेली, धरावयाचें तें तेथें. ती अजून आहे.

सर्वांच्या घरीं केबलच दुखावलेली असेल असें नाहीं. टी.व्ही.वरही चित्र आलें नाहीं आणि कॅप्स लॉकनेंही उत्तर दिलें नाहीं, तर दोष अधिक खोल आहे. पुष्कळदां रॅम नांवाची स्मृतीची पट्टी आपल्या खांचेंत सैल झालेली असते. ती काढून, तिचीं टोकें पुसून परत नीट बसविली कीं यंत्र चालूं लागतें. परंतु हें काम खालचें झांकण उघडून, बॅटरीची जोडणी सोडवून आणि अंगांतील वीज निघून जावी म्हणून एखाद्या धातूस हात लावून करावयाचें असतें. ज्यानें पूर्वीं केलें असेल त्यानेंच करावें. काळ्या पडद्यावर नुसता बाण दिसत असेल, तर उलट पडदा निर्दोष आहे आणि दोष विंडोजच्या कारभारांत आहे. तेथें कंट्रोल, विंडोज, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबून पाहाव्या. त्यामुळें चित्र पाठविणारा आंतील कारकून नव्यानें कामास लागतो, आणि तसें झालें तर एक बारीक आवाज होऊन पडदा लुकलुकतो.

एका वाचकभगिनीनें कळविलेला प्रकार मोठा गमतीचा आहे. त्यांचा लॅपटॉप जेवणाच्या मेजावर ठीक चालतो आणि शिवणाच्या मेजावर ठेवला कीं काळा होतो. शिवणाच्या मेजावर सुया धरून ठेवणारी लोहचुंबकाची डबी असते काय, असें आम्हीं उलट विचारलें. असते, असें उत्तर आलें. झांकण मिटलें हें यंत्रास कळावें म्हणून पुष्कळ लॅपटॉपच्या झांकणांत एक लहान चुंबक आणि खालच्या भागांत त्याची चाहूल घेणारा भाग बसविलेला असतो. बाहेरचा चुंबक त्याजवळ आला कीं यंत्रास वाटतें, झांकण मिटलें, आणि तें पडदा मालवितें. मोबाइलच्या कांहीं पाकिटांतही चुंबक असतो. तीं लॅपटॉपवर ठेवूं नयेत.

मात्र यंत्राचें पोट फुगलेलें दिसलें, कळफलक किंवा बोट फिरविण्याची जागा वर उचलली गेली असली, तर वरीलपैकीं कोणतीच परीक्षा करूं नये. ती बॅटरी फुगल्याची खूण होय. ती दाबूं नये, टोंचूं नये, चार्जर लावूं नये. यंत्र बंद करून जाणत्याकडे न्यावें. अशी बॅटरी पेट घेऊं शकते.

दुकानांत यंत्र देतांना 'आमच्या परवानगीवांचून डिस्क पुसूं नये' असें पावतीवर लिहवून घ्यावें. आम्हीं घेतलें; कारागिरास त्याचें वाईट वाटलें नाहीं. पडदा, केबल किंवा रॅम बदलण्यासाठीं डिस्क पुसण्याचें कांहींएक कारण नसतें, कारण लेखन राहतें तें डिस्कवर. दुसरें असें कीं, अलीकडच्या विंडोजमध्यें डिस्कवरील मजकूर बिटलॉकर नांवाच्या कुलपांत असण्याचा संभव असतो. तशी डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास लावली, किंवा यंत्राचा मुख्य फलक बदलला, तर ४८ अंकांची किल्ली विचारली जाते. ही किल्ली बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानें यंत्र प्रथम सुरू केलें त्या खात्यांत जतन केलेली असते. यंत्र चालतें आहे तोंच ती पाहून एका वहींत लिहून ठेवावी, आणि ती वही लॅपटॉपच्याच पिशवींत ठेवूं नये.

ज्यांस या विषयावर आम्हांस लिहावयाचें असेल, त्यांनीं पत्रांत पुढील गोष्टी अवश्य कळवाव्या: यंत्र कोणत्या कारखान्याचें व किती वर्षांचें, दिवा कोणत्या रंगाचा लागतो, कॅप्स लॉकनें उत्तर मिळतें कीं नाहीं, विजेरीनें कांहीं दिसतें काय, टी.व्ही.वर चित्र येतें काय, आणि पडदा काळा होण्यापूर्वीं यंत्र पडलें, भिजलें अथवा कोणीं उघडलें होतें काय. या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर लिहितांना घरांतील ज्या व्यक्तीकडे बोट दाखवावयाचें असेल, तिलाही तें पत्र टपालांत टाकण्यापूर्वीं वाचून दाखवावें.